घरटी : निरंक

ज्यांच्या सहीने या शहरातल्या झाडांवर कुऱ्हाड चालते किंवा थांबते, त्या सर्व अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

नाशिकरोडला एका जुन्या चिंचेखाली माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. गेल्या सोमवारी सकाळी एक गृहस्थ कागद घेऊन आले. “ताई, याच्या सहा प्रती द्या.” कागद काचेवर पालथा घालताना त्यावर नजर गेली आणि हात तिथेच थांबला. आमच्याच चिंचेचा पाहणी अहवाल होता तो. प्रजाती : चिंच. वय : अंदाजे ४५ वर्षे. कारण : रस्ता रुंदीकरणात बाधित. पक्ष्यांची घरटी : निरंक.

सहा प्रती दिल्या, आणि त्यांना विचारून सातवी माझ्यासाठी काढली. मग बाहेर येऊन मान वर केली. रस्त्यावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी रातबगळ्यांची ११ घरटी दिसली. चारांवर पक्षी बसलेले होते. दुसऱ्या दिवशी त्याच बुंध्यावर खिळे ठोकून आपली नोटीस लागली : हरकती असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.

ही माझी हरकत. गेल्या वर्षी आपल्या कार्यालयात मी दोन अर्ज रीतसर दिले होते. दोन्हींच्या पोचेवर आवक क्रमांक आहे, उत्तर एकाचंही आलेलं नाही. म्हणून यंदाचा अर्ज सगळ्या गावाला वाचता येईल असा लिहिते आहे.

आधी त्या ‘निरंक’बद्दल. अहवालावर पाहणीची तारीख जानेवारीतली आहे. जानेवारीत आमच्या झाडावर चिंचा लगडलेल्या असतात, घरटी नसतात. पावसाळ्यात काड्या रचून केलेलं घरटं दिवाळीनंतरच्या वाऱ्यात विस्कटतं, काड्या माझ्या पत्र्यावर पडतात, आणि डिसेंबर संपेपर्यंत झाड मोकळं होतं. शाळेचा पट मे महिन्याच्या सुट्टीत मोजायचा आणि शेऱ्यात लिहायचं की विद्यार्थी नाहीत, असं झालं हे. पाहणीला आलेल्या माणसानं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्याला त्या दिवशी खरंच काही दिसलं नसेल. पण समोरच्या दुकानात एक शब्द विचारला असता तरी कळलं असतं. रिक्षावालेसुद्धा या थांब्याला ‘बगळ्यांची चिंच’ म्हणतात.

त्या झाडावर वर्षातले पाच महिने काय चालतं, ते आता सांगते. ते माहीत नसेल तर पुढच्या माझ्या मागण्या आपल्याला हट्ट वाटतील.

बगळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाण्यात एकटा, ध्यान लावून उभा असलेला पक्षी येतो. ढोकरी तर खरोखरच दिवसभर एकटी असते, डबक्याच्या काठी मातीच्या रंगाची होऊन बसते, उडेपर्यंत दिसत नाही. पण विणीच्या दिवसांत हेच पक्षी शेकड्यांनी एका झाडावर येतात, तेही चार-पाच जातींचे, शेजारी-शेजारी. अशा झाडासाठी निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी मराठीला ‘सारंगागार’ हा शब्द दिला. मी २०११ पासून एका वहीत या झाडाची नोंद ठेवते. पहिली तीन वर्षं नुसत्या आल्या-गेल्याच्या तारखा आहेत, पुढे घरटी मोजायला लागले.

मेच्या शेवटी रातबगळे येतात. लाल डोळे, पाठ काळी, मानेवर मागे सोडलेले दोन-तीन लांब पांढरे तुरे. मग ढोकऱ्या. त्यांची पाठ एवढ्यात गडद डाळिंबी झालेली असते, तीच ढोकरी म्हणून ओळखू येत नाही. मृगाचा पाऊस झाला की गायबगळे, डोकं-मान-पाठ नारिंगी करून. त्यांच्या मागोमाग छोटे बगळे, आणि अगदी शेंड्याला पाणकावळे. ज्याची त्याची जागा ठरलेली : पाणकावळे वरच्या मजल्यावर, गायबगळे मधल्या दाट फांद्यांत, ढोकऱ्या बाहेरच्या टोकांना. नोटिशीत ‘बाधित वृक्ष – १’ असं लिहिलंय. माझ्या वहीत गेल्या वर्षी जूनअखेर त्या एका झाडावर १४३ घरटी आहेत.

काड्या गोळा करायचं काम नराचं. तो काडी आणून देतो, मादी ती घरट्यात बसवते. काडी मिळवणं सोपं नाही, म्हणून शेजारचं घरटं रिकामं दिसलं की मान लांब करून त्यातलीच एक उचलली जाते. त्यामुळे घर कधी उघडं टाकत नाहीत, दोघांपैकी एकजण बसलेला असतोच. पाळी बदलायची वेळ मला सगळ्यात आवडते. बाहेरून आलेला रातबगळा फांदीवर उतरतो, तुरे उभारतो, मान खाली घालतो. बसलेला उठून तसंच करतो. चोचीला चोच लागते, पुष्कळदा एखादी काडी हातची देतात, आणि मगच पहिला उडतो. ओळख पटल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, असा रिवाज. आपसांत एवढे जपून वागणारे हे पक्षी पिल्लांच्या बाबतीत मात्र फार भेद करत नाहीत. चुकून शेजारचं पिल्लू घरट्यात आलं तर रातबगळे त्यालाही पोटाशी घेतात, हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे आणि मी एकदा पाहिलेलं आहे.

संध्याकाळी साडेसहा-सात वाजता झाडावर दोन पाळ्यांची गाठ पडते. दारणा आणि वालदेवी या नद्यांच्या बाजूनं गायबगळ्यांच्या रांगा परत येत असतात, त्याच वेळी रातबगळे ‘क्वाक्’ असा एकच घोगरा आवाज देत शिकारीला निघतात. जाणारे आणि येणारे एकमेकांना पार करतात. रात्रभर अर्धं झाड कामाला, दिवसभर उरलेलं.

एवढ्या गर्दीत राहण्याचा त्यांना फायदा काय, हे मलाही आधी कळत नव्हतं. वाचत गेले तसं उलगडलं. एक तर डोळे जास्त. घार आली की एका फांदीवरची मान वर होते आणि क्षणात अख्खं झाड मान वर करून बघतं. दुसरं, सगळ्यांची पिल्लं साधारण एकाच सुमाराला निघतात, त्यामुळे कावळ्या-घारींनी कितीही नेली तरी सगळी नेता येत नाहीत. तिसरी गोष्ट पक्षिशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडली : अशी वसाहत म्हणजे खबरीचं ठिकाण. काल ज्याला खायला मिळालं नाही तो आज सकाळी पोट भरून आलेल्याच्या मागे उडतो. ते सगळ्या जातींना लागू पडतं का यावर अभ्यासकांत वाद आहे. पण पहाटे शटर उघडताना एक थवा उठून गेला की पाठोपाठ दुसरा त्याच दिशेनं जाताना मी पाहते.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं सांगितलं ती. हे पक्षी सगळी अंडी एका दिवशी घालत नाहीत. एकेक-दोन दिवसांच्या अंतराने घालतात आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसतात. त्यामुळे एकाच घरट्यात थोरलं पिल्लू चांगलं वाढलेलं असतं तेव्हा धाकटं मूठभर असतं. अन्न कमी पडलं की धाकटं जातं. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही हा संसार काठावर चाललेला असतो. अंडी उबायला साधारण साडेतीन आठवडे, मग पिल्लू फांद्यांवर चालायला लागायला तेवढेच, आणि नीट उडायला आणखी काही दिवस. या दोन-अडीच महिन्यांत झाडाला नुसतं करवतीचं मशीन लावलं तरी सगळे मोठे पक्षी उठतात. अंडी उघडी पडतात. कावळे वाटच बघत असतात.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. गेल्या वर्षी १९ जुलैला हे माझ्या दुकानाच्या दारात झालं.

त्या दिवशी ‘धोकादायक फांद्यांची छाटणी’ म्हणून ठेकेदाराची माणसं शिडीची गाडी घेऊन आली. मी मुकादमाला वर बघायला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, आम्हाला कागद आलाय, आज काम संपवायचंय.” पश्चिमेकडची मोठी फांदी पडली तेव्हा पानांच्या ढिगातून किलबिल नाही, एक खरखर आली. भाजीवाल्या मावशींनी टोमॅटोचे रिकामे क्रेट आणून दिले. रिक्षा थांबवून दोन मुलं उतरली. आम्ही ढीग उपसत होतो आणि करवत दुसऱ्या फांदीवर चालू होती. मी रातबगळ्याचं एक पिल्लू उचललं. अंग गरम होतं, पोट उघडं, पंखांच्या जागी नुसत्या निळसर नळ्या फुटलेल्या. त्यानं माझ्या तळहातावर अर्धवट पचलेला मासा ओकला. घाबरली की ही पिल्लं पोटातलं टाकून देतात. जिवंत २७ मिळाली. मेलेली मी मोजली नाहीत. वर फांदी कापणाऱ्या मुलानं शेवटी स्वतःहून मशीन बंद केलं आणि खाली बघत बसून राहिला. त्या मुलावर माझा काडीचाही राग नाही.

पक्षिमित्रांनी क्रेट नेले. २७ पैकी ९ पुढे उडाली. पण माझ्या मनातून जात नाही ती पूर्वेकडची बाजू, जिला करवत लागलीही नव्हती. मोठे पक्षी दोन तास परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पत्र्यावर आणि पायरीवर फिकट निळ्या कवचांचे तुकडे, आत काही नाही. आपल्या कागदोपत्री त्या दिवशी फक्त दोन फांद्या कापल्या गेल्या.

माझ्या तक्रारी तीन. पाहणी चुकीच्या महिन्यात झाली, ही पहिली. छाटणीचा कागद काढताना झाडावर काय आहे हे कुणी बघत नाही, ही दुसरी. तिसरी झाडाच्या वयाची आणि तीही साधी नाही.

अहवाल म्हणतो ४५ वर्षे. माझ्या वडिलांनी १९७४ साली हे दुकान टाकलं, तेव्हा इथे वह्या-पाट्या मिळत आणि टायपिंग होत असे. उद्घाटनाचा फोटो काउंटरच्या मागे भिंतीवर टांगलेला आहे. वडिलांच्या गळ्यात हार आहे आणि त्यांच्या मागे हीच चिंच, एका माणसाच्या कवेत न मावणारी. म्हणजे ते झाड तेव्हाच मोठं होतं, आणि आजच्या हिशेबानं ५० वर्षांच्या कितीतरी पलीकडचं आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळा दर्जा मिळाला, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ४५ हा आकडा कुठून आला, ते मला लेखी हवं आहे.

तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची, अशीही त्या दुरुस्तीत तरतूद आहे. चांगली आहे. पण ४५ रोपांना एकही घरटं लागत नाही. त्यासाठी पसरलेला, दाट, आतून मजबूत फांद्यांचा माथा लागतो, आणि तो चिंचेला किंवा वडाला कित्येक दशकांनी येतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या करताना रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही शिकारीत धरलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात रंडत्ताणीला महामार्गाच्या रुंदीकरणासाठी असंच घरट्यांनी भरलेलं झाड पाडलं, शंभराहून अधिक पक्षी मेले. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि गुन्हा दाखल झाला. माझ्या शहराचं नाव अशा व्हिडिओत येऊ नये.

समोरच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांचंही ऐकायला हवं. बगळ्यांचा त्रास होतो म्हणून त्यांनी जो अर्ज केला, त्याच्या प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे. ऑगस्टमध्ये इथे उग्र वास असतो. गाड्यांवर विष्ठा पडते, कधी मासा, कधी बेडूक. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. सगळ्यात जास्त विष्ठा माझ्या पत्र्यावर पडते, आणि एकदा एका मुलीच्या प्रवेशाच्या मूळ दाखल्यावर पडली होती, तेव्हा मीही रडकुंडीला आले. त्यानंतर पुढे ताडपत्रीची उतरती ओढली, रोज सकाळी पायरी धुते, कडेला चुना टाकते. पाच महिने एवढं केलं की निभतं. पण हे एकट्या दुकानदारानं का करावं? तो रस्ता झाडायचं, धुवायचं काम आपल्या यंत्रणेचं आहे. शेजाऱ्यांनी वास आणि घाण यांची तक्रार केली होती. पिल्लं मारा असं त्या अर्जात कुठेही नाही.

आणि हे दुसऱ्या गावांना जमलेलं आहे. इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची, वसाहत भरते, खाली सरकारी कामं चालतात. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेल्लूर नावाचं खेडं आहे. तिथे घरांच्या अंगणातल्या झाडांवर झोळीवाले पक्षी, म्हणजे पेलिकन, आणि चित्रबलाक घरटी करतात, आणि गावकरी त्यांना बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी मानतात. २००७ साली त्या गावाला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तमिळनाडूत वेदान्तांगलच्या लोकांनी तर अठराव्या शतकाच्या अखेरीला, इंग्रजांचे शिपाई पक्ष्यांना मारतात म्हणून इंग्रज कलेक्टरकडे तक्रार केली आणि त्यानं संरक्षणाचा हुकूम काढला. पक्ष्यांच्या विष्ठेनं तळ्याचं पाणी कसदार होतं आणि शेती चांगली पिकते, हे त्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा परका कलेक्टर खेडुतांचं ऐकू शकला.

आपल्याच जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० च्या जानेवारीत त्याची घोषणा झाली, त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले होते. तिकडे पाटीवर ज्या बगळ्यांची चित्रं आपण रंगवतो त्यांचीच भावंडं इकडे रस्त्याकडेला घर करतात. त्यांना अभयारण्याची हद्द कळत नाही.

सिंहस्थ तोंडावर आहे, रस्ते रुंद व्हायला हवेत, हे मला मान्य आहे. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, लाखो माणसं येणार आहेत. मी रस्त्याच्या विरोधात नाही.

मला हवं ते असं. या चिंचेला दिवाळीपर्यंत कुणीही हात लावू नये, फांदीलाही नाही. दिवाळीनंतर झाड रिकामं झालं की तिचं वय पुन्हा ठरवावं, त्या वेळी वृक्षतज्ज्ञ असावा आणि १९७४ चा फोटो पुरावा म्हणून घ्यावा. रुंदीकरणाची आखणी तिच्यापाशी थोडी वळवता येते का, हे आराखडा करणाऱ्यांनी जागेवर येऊन बघावं. पदपथासाठी माझ्या दुकानाची पायरी जात असेल तर पायरी न्या, मी आत्ताच लिहून देते. शहरात अशी सारंगागारं आणखी कुठे-कुठे आहेत, याची नोंद जुलै-ऑगस्टमध्ये करावी, जानेवारीत नव्हे, आणि ती यादी छाटणीचा कागद काढणाऱ्या प्रत्येक टेबलावर असावी. जून ते ऑक्टोबर या काळात खरोखरच एखादी फांदी पडायला आली असेल तर पक्षी ओळखणारा माणूस सोबत असल्याशिवाय करवत लावू नये. आणि आमच्या गल्लीत पावसाळाभर रोज सकाळी पाण्याचा टँकर आणि चुना यावा, म्हणजे सोसायटीतल्या मंडळींचाही प्रश्न सुटेल. एवढंच. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

आपल्यापैकी कुणी यायचं ठरवलं तर संध्याकाळी साडेसहाला या. येताना सरकारी कॅलेंडर नको, नुसती मान वर करायची तयारी असू द्या. वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत, त्याचे पैसे नकोत. नोटिशीचे सातापैकी तीन दिवस गेले आहेत. काल पाऊस नसतानाही पहिले सहा गायबगळे आले. आज सकाळी त्यांतल्या एकाच्या चोचीत काडी होती.

आपली,
बगळ्यांच्या चिंचेखालची झेरॉक्सवाली
नाशिकरोड